चिमणीच्या बिस्किटांचा साचा

मित्रांनो, मला ओळखणारं माणूस आता इथं एकच उरलं आहे आणि तेही आजारी आहे, म्हणून घाईनं बोलतो. मी बिडाचा एक जुना साचा आहे. तुमच्या तळहाताएवढ्या माझ्या दोन चकत्या, त्यांना हातभर लांबीचे दोन दांडे आणि मध्ये अडकित्त्यासारखी एक बिजागरी. उजव्या चकतीवर आतून एक पक्षी कोरलेला आहे. मधे पातळ पीठ ओतून मला मिटायचं आणि निखाऱ्यांवर धरायचं. थोड्या वेळानं उघडलं की पक्ष्याचा ठसा उमटलेलं पातळ, कुरकुरीत बिस्कीट निघतं.

माझा जन्म जपानचा. १९१३ साली एका ओताऱ्यानं मला मुशीत ओतलं आणि पाठीवर त्याच्या लिपीत आपलं नाव उठवलं. एका हलवायानं मला विकत घेतलं. त्याची बायको वारली होती. चार वर्षांच्या मुलीला, हारूला, कडेवर घेऊन तो बोटीत बसला आणि फिलिपाइन्स बेटांवर मनिला शहरात जाऊन त्यानं दुकान मांडलं.

तिथले लोक खाण्याचे मोठे शौकीन. आमच्या हलवायाचे पदार्थ त्यांना परके वाटलेच नाहीत. तांदूळ कांडून केलेला मऊ मोची त्यांनी आपल्याच खोबऱ्यातल्या पिठाच्या वड्यांचा भाऊ मानला. किसलेल्या बर्फावर गोड शिजवलेली कडधान्यं घालून दिली की दुपारी रांग लागायची. माझी बिस्किटं तर ते उभ्या उभ्या संपवत. त्या रांगेत रोज एक माणूस असायचा, बेनितो. तो बोटीवर स्वयंपाकी होता. प्रत्येक घास डोळे मिटून खायचा आणि काय कमी आहे ते सांगायचा. बहुतेक वेळा त्याचं खरं असायचं. पुढं हारू मोठी झाली, माझे दांडे तिच्या हाती आले आणि तिचं बेनितोशी लग्न झालं.

हलवाई गेल्यावर ती दोघं बेनितोच्या बोटीबरोबर मुंबईला आली. लोणावळ्याच्या एका हॉटेलात त्याला काम लागलं. दोन वर्षांत ते हॉटेल बंद पडलं. तेव्हा त्यांनी स्टेशनाकडं जाणाऱ्या रस्त्यावर एक लहानसं दुकान घेतलं. घाट चढून आलेली गाडी मागचं इंजिन सोडवायला थांबली की उतारू पाय मोकळे करत आमच्याकडं यायचे. इथं मैद्याऐवजी मावळच्या आंबेमोहोर तांदळाचं पीठ आलं, साखरेऐवजी गूळ आला, वरून पांढरे तीळ. माझ्या पक्ष्याला इथली माणसं चिमणी म्हणू लागली आणि आमच्या मालाला चिमणीची बिस्किटं.

तांदूळ आणायची कुरवंड्याची झुंबरबाई. ती डोंगरावरून चालत यायची, दुकानामागच्या जात्यावर पीठ दळून द्यायची आणि संध्याकाळच्या आत परतायची. हारू तिच्याकडूनच मराठी शिकली, त्यामुळे ती बोलायची ते थेट कुरवंड्याचं. उतारू तिच्या तोंडाकडं बघत राहायचे. नऊ वर्षं अशी गेली. मला रोज विस्तव मिळायचा, रोज तेलाचा हात फिरायचा. माझ्या अंगावर कधी गंजाचा ठिपका पडला नाही.

डिसेंबर १९४१ मध्ये जपान लढाईत उतरलं. दुसऱ्याच दिवशी सकाळी एक फौजदार आणि दोन शिपाई दुकानात आले. फौजदार सभ्य होता. जपानी माणसांना ताब्यात घ्यायचा हुकूम आहे, तासाभरात पुण्याची गाडी आहे, बाईंनी कपड्यांचं एक गाठोडं घ्यावं, असं त्यानं सांगितलं. बेनितोनं हात जोडले. ती आपली लग्नाची बायको आहे, चार वर्षांची असताना जपान सोडून आली, तिला ते आठवतही नाही, असं तो परोपरीनं सांगत राहिला. फौजदारानं लग्नाचा दाखला मागितला. दाखला मनिलाच्या चर्चमध्ये होता. वळवणच्या बाजूला एक मोठे डॉक्टर राहत, त्यांच्या चिठ्ठीचा उपयोग होईल म्हणून बेनितो अनवाणीच धावत सुटला.

हारूनं गाठोडं बांधलं. मग ती चुलीपाशी आली. सकाळचं पीठ कालवून ठेवलेलं होतं.

"सायेब, पीठ भिजवलंया," ती म्हणाली. "टाकून कसं देऊ?"

फौजदार गडबडला. त्याच्या आईच्या तोंडची भाषा या बाईच्या तोंडी येईल असं त्याला वाटलं नसावं. तो बाकड्यावर बसला आणि मान हलवून हो म्हणाला.

तिनं मला विस्तवावर धरलं आणि मागं जात्यावर बसलेल्या झुंबरबाईला जवळ बोलावलं. इतक्या वर्षांत झुंबरबाईनं मला कधी हात लावला नव्हता. लावू का, असं तिनं विचारलंही नव्हतं. आज हारूनं माझे दांडे तिच्या हातात दिले आणि त्यावर आपले हात ठेवले.

"वाफंकडं कान दे," ती सांगू लागली. "आदी फुसफुस करती. बारीक झाली का उलटं कर. थांबली का उघड. मोजत बसू नगं, आकडं चुकत्यात."

झुंबरबाईच्या हातून पहिलं बिस्कीट फाटलं, दुसरं करपलं. डोळ्यांतलं पाणी पुसायला तिचे हात मोकळे नव्हते. हारू मात्र रडत नव्हती. ती घाईनं, मन लावून शिकवत होती, जणू दारात उभे असलेले शिपाई गिऱ्हाईक आहेत. तिसरं, चौथं, दहावं. पीठ संपत आलं तेव्हा बिस्किटं नीट निघू लागली होती. तिनं तिघांना एकेक दिलं, शिपायांनी खाल्लं. फौजदारानं आपलं कागदात गुंडाळून खिशात ठेवलं. निघताना तिनं मला गाठोड्यात घालायला घेतलं. हे लोखंड सोबत नेता येणार नाही, असं फौजदार खाली बघून म्हणाला. तिनं मला पुसलं, तेल लावलं आणि झुंबरबाईच्या मांडीवर ठेवलं.

बेनितो चिठ्ठी घेऊन परतला तेव्हा गाडी सुटून गेली होती. ताटलीतली बिस्किटं अजून कोमट होती. त्यानं एकाला बोट लावलं आणि तो जमिनीवर बसला. चिठ्ठी त्याच्या मुठीत घामानं भिजली होती.

त्यानंतर तो रोज पुण्याला जायचा. या कचेरीतून त्या कचेरीत. तिला दिल्लीच्या छावणीत नेल्याचं आठव्या दिवशी कळलं. भेटीला परवानगी नव्हती. दाखला आणा, सोडायचा विचार करू, असं एका साहेबानं सांगितलं. त्यानं मनिलाला तीन पत्रं टाकली. पण मनिलावर जपानी विमानांनी बाँब टाकायला सुरुवात केली होती, आणि नवीन वर्ष लागताच जपानी फौज त्या शहरात शिरली. आता पत्र जाणार कुठं आणि दाखला येणार कुठून? त्याची आई आणि दोन बहिणी तिथं होत्या. त्यांचंही काही कळेना.

बाजारात लोक त्याला टाळू लागले. दुकानाच्या फळीवर कुणी तरी खडूनं 'जपानी हेर' लिहून गेलं. शेजारी हमीदभाईंचं लोहारकामाचं दुकान होतं. त्यांनी ओल्या फडक्यानं ते पुसलं. तेव्हा बेनितो त्यांना म्हणाला, "माझा गाव जपानवाल्यानं जाळला. माझी बायको जपानी, म्हणून इथल्या सरकारनं नेली. हमीदभाई, मी कोणाकडं जाऊ?"

हमीदभाई फडकं पिळत उभे राहिले.

बेनितोनं मला चुलीवर धरलं. तिला पार्सल पाठवता येतं असं कुणी तरी सांगितलं होतं. मित्रांनो, तो पन्नास माणसांचा स्वयंपाक एकटा करणारा माणूस होता, पण मी त्याच्या हाताला कधी सरावलो नव्हतो. त्याला ऐकू येत नव्हती ती वाफ. त्याचे कान दिवसभर टपालवाल्याकडं लागलेले. घाणे करपत गेले. मला माझ्या परीनं जपून तापायचं होतं, पण मला काय करता येणार? लोखंड तापतं, त्याला आवरता येत नाही. पाचव्या दिवशी त्यानं मला उलटं केलं, पाठीवरची ती जपानी अक्षरं बघितली आणि सारी ताकद लावून मला दारातल्या दगडावर आपटलं. बिजागरीची खीळ तुटली. एका चकतीची कड उडाली. पक्षी तेवढा वाचला.

मी धुळीत पडून होतो. त्याच्या हातून मोडलो याचं मला वाईट वाटलं नाही. पण हारू परत आली तर मी तिच्या काय कामाचा, या विचारानं मी हवालदिल झालो.

झुंबरबाईनं मला पदरात उचललं. हमीदभाईंनी भाता फुंकून नवी खीळ बसवली, कड कानशीनं गुळगुळीत केली. तिथंच त्यांच्या विस्तवावर तिनं पीठ ओतलं आणि कान देऊन बसली. फुसफुस झाली, बारीक झाली, थांबली. तिनं चार बिस्किटं पानावर ठेवून बेनितोपुढं सरकवली.

तो दोन दिवस जेवला नव्हता. त्यानं एक तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले. बराच वेळ चावत राहिला.

"तीळ कमी," तो म्हणाला. आणि मग जे रडू त्यानं महिनाभर अडवून धरलं होतं ते फुटलं.

"जास्त घालते," झुंबरबाई म्हणाली. "तुमी आदी भाकर खावा, बेनीभाऊ."

हारूला पाठवलेला पहिला डबा फुटून परत आला. आत नुसता भुगा होता. दुसरा डबा न्यायला एक दिवस तोच फौजदार आला. आपल्या बदलीचा हुकूम निघाला आहे, जाण्याआधी दिल्लीच्या ओळखीच्या माणसाकरवी डबा पोचवतो, असं काहीसं तो पुटपुटला. आम्ही पुन्हा आशा धरली. दोन महिन्यांनी छावणीचा शिक्का मारलेलं एक कार्ड आलं. बेनितोनं ते मोठ्यानं वाचून झुंबरबाईला मराठीत सांगितलं. हारूनं लिहिलं होतं, डबा मिळाला, मी बरी आहे, तंबूत थंडी फार आहे, झुंबरमावशीला सांगा की तीळ जास्त झाले.

झुंबरबाई हसली. त्या साऱ्या दिवसांतलं तेवढं एकच हसू मला आठवतं.

पावसाळ्यात दुसरं कार्ड आलं. बंदिवानांची अदलाबदल ठरली होती. हारूला मुंबईहून बोटीत बसवून जपानला पाठवणार होते. जो देश तिनं पाहिल्याचंही तिला आठवत नव्हतं, तिथं. त्या देशात तिचं कुणी नव्हतं. मला पाठवू नका म्हणून मी अर्ज केला आहे, तिनं लिहिलं होतं, तुम्हीही इथं अर्ज करा. कार्डावरची तारीख तीन आठवड्यांपूर्वीची होती; अर्जाला आता वेळ उरला नव्हता.

झुंबरबाईनं ताबडतोब पीठ दळलं. पाऊस असा कोसळत होता की लाकडं पेटेनात. हमीदभाईंनी आपले कोळसे दिले. मी त्या दिवशी लालबुंद व्हायला आलो होतो. बेनितोनं डबा छातीशी धरला आणि मिळाली ती गाडी पकडली. तीन दिवस तो मुंबईच्या गोदीच्या फाटकाशी उभा होता. आत सोडलं नाही. बंद मोटारी आत गेल्या, त्यातल्या एकीत ती असेल किंवा नसेल. तिसऱ्या दिवशी एका गोऱ्या शिपायानं डबा हातात घेतला, यादीत नाव बघतो म्हणाला आणि आत गेला. तो बाहेर आलाच नाही. बोट गेली.

चौथ्या दिवशी बेनितो परत आला. झुंबरबाईनं विचारलं, डबा पोचला का. त्याला ते सांगता आलं नाही. ते आजवर कुणालाच सांगता आलेलं नाही.

लढाई संपल्यावर, १९४६ साली, तो एका बोटीवर स्वयंपाकी म्हणून चढला. आधी मनिला, मग जमलं तर जपान, असं त्याच्या मनात होतं. जाताना त्यानं मला झुंबरबाईच्या हवाली केलं. हा तुझ्याच हातात नीट चालतो, एवढंच तो म्हणाला. त्याचं पत्र आलं नाही. हारूचंही नाही. दोन वर्षं झाली.

आता मी कुरवंड्याला एका घराच्या माळ्यावर आहे. खाली झुंबरबाई अंथरुणाला खिळून आहे. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे आणि खोकला थांबत नाही. पहिल्या वर्षी तिनं दर महिन्याला मला उतरवून विस्तव दाखवला, तेल लावलं. नंतर तिचे हात थकले. तिची सून कस्तुराबाई मनानं वाईट नाही, पण तिला वाटतं हा कसला तरी मोडका चिमटा आहे. परवा दारावर भंगारवाला आला तेव्हा तिनं मला खाली काढलंच होतं. झुंबरबाई आतून ओरडली म्हणून मी वाचलो. पुढच्या खेपेला ती ओरडू शकेल की नाही, ठाऊक नाही. माझ्या पक्ष्याच्या पंखावर गंज चढतो आहे. मला तो चढताना कळतो.

मित्रांनो, तुमच्याही घरात अशी एखादी वस्तू असेल जिच्यावरची अक्षरं कुणाला वाचता येत नाहीत. ती टाकण्याआधी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारा. आणि ज्याच्या हातात एखादी कला आहे त्याच्या शेजारी, त्याचा श्वास चालू आहे तोवर, जाऊन बसा. मी नुसतं बीड आहे. पीठ किती पातळ, तीळ किती, हे मला सांगता येत नाही. ते झुंबरबाईला येतं. हारू किंवा बेनितो कधी या वाटेनं आलेच, तर त्यांच्यापुढं ठेवायला कुणाला तरी यायला हवं. कालपासून तिनं पेजही घेतलेली नाही. तुमच्यापैकी कुणी तरी या. आजच्या आज या.