उजव्या हाताची साखर

"उतरली! उतरली!"

ट्रकच्या यार्डात एकच गिल्ला झाला. टँकरवाले, ट्रेलरवाले, टायरवाला, सगळे साखरबाबांच्या खुर्चीभोवती नाचायला लागले. कुणीतरी हौसेनं हॉर्न दाबला, म्हणून दुसऱ्यानंही दाबला, आणि मग कानठळ्या बसेपर्यंत कुणी थांबेना.

नाचणाऱ्यांत सगळ्यांच्या पुढे कोण, तर आमचे भावजी! माझ्या ताईचे यजमान. वजन शंभराच्या घरात, पण उड्या बघाव्यात.

"अगं ऐकलंस का? चारशे अठ्ठ्याऐंशीवरून दोनशे एकाहत्तर! अर्ध्यावर आली साखर!"

ताईचे डोळे भरून आले. येणारच. सोमवारी भावजींची मेडिकल. ती झाल्याशिवाय अवजड गाडीचं लायसन्स पुढे चालू होत नव्हतं, आणि टँकर सोडून दुसरं काही त्यांना येत नव्हतं. त्यात डायबेटीस! डायबेटीस कळला की डॉक्टर लायसन्स कापतो, अशी सगळ्या यार्डाची पक्की समजूत. या भीतीवर मंत्रानं डायबेटीस पळवणाऱ्या साखरबाबांचं दुकान तेजीत चाललं होतं. त्यांच्या सांगण्यावरून भावजींनी पंधरा दिवसांपूर्वी डॉक्टरांच्या गोळ्या कचऱ्यात टाकल्या होत्या. हे कळलं तेव्हा माझं डोकं असं सणकलं की मी शाळा सुटल्या सुटल्या ताईला घेऊन यार्ड गाठलं. मी विज्ञान शिकवते. चमत्कार म्हटला की माझ्या अंगावर पित्त उठतं.

"या माउली, या!" बाबांनी मलाच हेरलं. "चेहऱ्यावर साखर दिसते आहे."

"मला डायबेटीस नाही."

"नाही म्हणणाऱ्यालाच असतो! रोग लाजाळू असतो, माउली. आतड्यात दडून बसतो. ही पूड त्याला हाक मारते. 'चल रे, ये बाहेर!' की आला तो बोटाच्या टोकाशी!"

बोलता बोलता त्यांनी माझ्या उजव्या हाताच्या बोटांना पांढरी पूड चोळलीसुद्धा. चेल्यानं सुई टोचली, मीटरला थेंब लावला.

"चारशे बारा!"

खोटं कशाला सांगू, माझ्या तोंडचं पाणी पळालं. मागच्या महिन्यात तपासणीत सगळं ठीक होतं की! ताईनं तर "अगं बाई, तुलाही?" म्हणून मला मिठीच मारली.

"घाबरू नका!" बाबा बादलीकडे वळले. "मंतरलेल्या पाण्यात हात बुडवा, पुसा, आणि बघा उतार!"

टोचलेलं बोट चुरचुरत होतं. माझी लहानपणापासूनची खोड, बोट दुखलं की तोंडात घालायचं. तसं घातलं, आणि डोळेच विस्फारले. बोट गोड लागत होतं!

रक्त कधी गोड लागतं का हो? मी पुन्हा चाटलं. पेढ्यासारखं गोड नव्हे, जिभेला गार लागणारं गोड. मेडिकलच्या दुकानातली ग्लुकोज पावडर! मला एकदम इतकं हसू आलं की चेला दोन पावलं मागे सरकला.

"हा डावा हात," मी पुढे केला. "पूड लावायची नाही. टोचा."

"डाव्या हाताला आज योग नाही," बाबा घाईनं म्हणाले.

"टोच रे तू!" टायरवाला चेल्यावर डाफरला. त्याला गंमत वाटायला लागली होती. चेल्यानं टोचलं.

"अठ्ठ्याण्णव."

मी दोन्ही हात वर केले. "एकाच बाईच्या दोन हातांत दोन रक्तं? अहो, पूड म्हणजे ग्लुकोज! बोटावरची साखर थेंबात मिसळते, आकडा आभाळाला भिडतो. मग धुतलं की खरा आकडा येतो. मंत्र गेला चुलीत, नळाच्या पाण्यानंही येईल! चाटून बघा हवं तर."

मग काय, यार्डभर मोठमोठे मिशीवाले लहान मुलांसारखी बोटं चाटायला लागले. "गोड! आयला, खरंच गोड!" टायरवाल्यानं बाबांचाच हात धरला. दिवसभर पूड चोळून पांढराफटक झालेला. चेला हात जोडून मागे उभा, म्हणून टायरवाल्यानंच सुई टोचली.

"पाचशे ब्याण्णव! अरे, बाबांना दवाखान्यात न्या कुणीतरी!"

हसून हसून माणसं बंपरला टेकली. त्या गोंधळात बाबा बादली टाकून असे सटकले की चेलासुद्धा मागे राहिला.

भावजी मात्र हसत नव्हते. "म्हणजे धुतल्यावरचा आकडा खरा," ते हळूच म्हणाले. "पंधरा दिवसांपूर्वी इथंच धुतल्यावर एकशे साठ होती. आज दोनशे एकाहत्तर. म्हणजे गोळ्यांनी ती आवरली होती, आणि मी नाचत होतो ती वाढल्यावर."

ताईनं त्यांचा हात घट्ट धरला. मला त्या बाबाचा असा संताप आला!

दुसऱ्या दिवशी मेडिकल घेणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी भावजींना आधी झापलं, मग बसवलं. "डायबेटीस आहे म्हणून मी कुणाला नापास करत नाही हो. तो मोकाट सुटलाय का, एवढं बघते. रक्ताची एक तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगते. तिच्यापुढे आयत्या वेळची लबाडी चालत नाही. गोळ्या वेळेवर, जेवण वेळेवर. हात धुऊन रोज साखर मोजा, डोळे तपासून घ्या. साखर एकदम उतरली तर खायला काहीतरी केबिनमध्ये ठेवा. मेडिकलची तयारी म्हणतात ती ही."

भावजींनी स्वतःहून मेडिकल पुढे ढकलून घेतली. टँकर दुसऱ्याच्या हाती गेला, घर ओढाताणीत चाललं. ताईनं कुरकुर केली नाही असं नाही, चांगली केली! पण पुढच्या खेपेला भावजी पास झाले, आणि त्या दिवशी ताई यार्डात त्यांच्यापेक्षा उंच उडाली.

तर मंडळी, भीती वाटली की माणूस बाबाकडे धावतो, हे मला कळतं. पण भीती घेऊन डॉक्टरकडेही जाता येतं. आणि एवढं तरी विचारा स्वतःला: भरल्या रस्त्यावर, भरल्या टँकरच्या चाकामागे डोळ्यांपुढे अंधारी आली, तर ब्रेक दाबायला कोणता बाबा येणार आहे?