दाराच्या उजव्या अंगाला

लंडनजवळचं मेडनहेड सोडल्यापासून हदासाबाईंनी गाडी परत फिरवायला तीनदा सांगितलं आणि अब्राहमने ते तिन्ही वेळा ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पहिल्यांदा त्यांचा गुडघा दुखत होता. दुसऱ्यांदा घरी गॅस चालू राहिला होता. तिसऱ्यांदा कारणच सुचेना, तेव्हा त्या सरळ म्हणाल्या, "मला नाही जायचं."

"आई, तूच त्यांना येस म्हणालीस. मी ईमेल केलंय, लंचसुद्धा बुक आहे."

"लंच तू खा. मी गाडीत बसते."

त्र्याण्णव वर्षांच्या बाईचा हट्ट आणि सदुसष्ट वर्षांच्या मुलाचा संयम, दोन्ही एकाच घरात पिकलेले. गाडी उत्तरेला लिंकनशरकडे धावत राहिली. खिडकीबाहेर सपाट शेतं सुरू झाली. हदासाबाईंना भीती वाटत होती. गुडघा वगैरे सगळ्या थापा होत्या.

गोष्ट त्यांच्या थोरल्या भावाची, एली चेऊलकरची. इंजिनिअरिंग शिकायला तो अलिबागेहून विलायतेला आला आणि युद्ध पेटल्यावर हवाई दलात भरती झाला. लँकेस्टर नावाच्या अवजड बॉम्बर विमानाच्या शेपटीत, काचेच्या खोक्यात मशीनगन घेऊन तो बसायचा. जर्मनीवर बावीस फेऱ्या झाल्या. चव्वेचाळीसच्या जानेवारीत तेविसावी आटोपून परतताना, धावपट्टी दोन मैलांवर राहिली असता, विमान धुक्यात कोसळलं. सातही जण गेले.

तार आली तेव्हा घरात रडारड झाली, पण ते दुःख तरी साधं होतं. खरा घाव दोन महिन्यांनी बसला. एलीच्या स्क्वॉड्रनच्या, म्हणजे हवाई तुकडीच्या, पाद्र्याचं पत्र आलं. घरात इंग्रजी येत होतं फक्त बारा वर्षांच्या हदासाला, म्हणून पत्र तिनेच वाचलं. शब्दन् शब्द वाचला. तुमच्या मुलाच्या नोंदीत धर्म 'चर्च ऑफ इंग्लंड' असा होता, त्यानुसार त्याला सोबत्यांबरोबर चर्चच्या आवारात ख्रिस्ती विधीने पुरलं. सोबत फोटो होता. पांढरा लाकडी क्रूस आणि त्यावर एलीचं नाव.

बाबा अलिबागच्या मशिदीचे मुकादम, म्हणजे प्रमुख, होते. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, आपल्या सिनेगॉगला मशीदच म्हणत. बाबांनी पत्र पूर्ण ऐकलं. मग उठले आणि म्हणाले, "म्हणजे तो आपल्यातून आधीच गेला होता." शोकाचे सात दिवस पाळून झाले होते, पुढचा शोक तिथेच थांबला. मेलेल्या माणसाच्या नावाने म्हणायची कद्दीश प्रार्थना त्यानंतर एलीच्या नावाने कुणी म्हटली नाही. आई तर पुढे दहा वर्षं जगली, पण मुलाचं नाव मूग गिळल्यासारखं गिळून जगली. आणि हदासा? ती एक ओळ मी खाऊन टाकली असती तर काय बिघडलं असतं, हा विचार तिने ऐंशी वर्षं पोसला.

अब्राहमने त्यांना अनेकदा समजावलं होतं. जर्मनीवर उडणारे कितीतरी ज्यू सैनिक गळ्यातल्या बिल्ल्यावर मुद्दाम दुसरा धर्म लिहून घेत. पकडले गेले तर ते ज्यू असल्याचं नाझींना कळू नये म्हणून.

"कितीतरी जणांनी केलं असेल," त्या म्हणायच्या. "माझ्या एलीदादाने कशासाठी केलं ते सांग." ते कोण सांगणार? शिवाय तेव्हा इथे एलीची एक इंग्रज मैत्रीण होती, तिच्याबद्दल तो पत्रांत लिहायचा. तिच्यासाठी खरंच धर्म सोडला असेल तर? हदासाबाईंना विलायतेत येऊन साठ वर्षं झाली, कबर साडेतीन तासांवर होती, आणि त्या एकदाही आल्या नव्हत्या. न पाहिलेल्या कबरीबद्दल निदान शंका तरी ठेवता येते.

त्या धावपट्टीजवळच्या गावचा हॉल म्हणजे बैठं विटांचं घर. त्या स्क्वॉड्रनच्या माणसांची मुलं-नातवंडं वर्षातून एकदा इथे जमत; यंदा त्यांनी हदासाबाईंना बोलावलं होतं. अब्राहमने गाडी दाराशी लावली, व्हीलचेअर काढली, आईला तीत बसवलं. तेवढ्यात एक टकला म्हातारा लगबगीने त्यांच्यापुढून आत गेला. जाता जाता त्याने उजव्या चौकटीला बोटं लावली आणि ती बोटं ओठांना टेकवली.

हदासाबाईंनी अब्राहमचं मनगट धरलं. "थांब."

मागून एक जाडजूड बाई आली. उजवी चौकट, बोटं, ओठ. मग दोघे पुरुष फुटबॉलवर वाद घालत आले. वाद न थांबवता दोघांनीही तेच केलं.

"अब्राहम, हे लोक ज्यू आहेत?"

"नाही गं. मेथडिस्ट वगैरे असतील."

"मग मला जवळ ने."

चौकटीवर, माणसाच्या खांद्याइतक्या उंचीवर, बोटभर लांबीची पत्र्याची नळी दोन रिव्हेटांनी ठोकलेली होती. हात लागून लागून तिची मधली बाजू गुळगुळीत झाली होती. असली नळी हदासाबाईंच्या अलिबागच्या दाराला होती, मेडनहेडच्या दाराला होती. आत धर्मवचनाचा कागद असतो, आणि येताजाता तिला हात लावून बोटांचं चुंबन घ्यायचं असतं. मेझुझा म्हणतात तिला. दुसऱ्या कुणाच्या दारावर ती असायचं काही कारणच नव्हतं.

टकला म्हातारा परत बाहेर आला. त्याचं नाव कॉलिन, या मेळाव्याचा सेक्रेटरी तोच. त्याचे वडील स्टॅन एलीच्या विमानाचे फिटर होते, जमिनीवर राहून इंजिनं सांभाळणारे.

"हे काय आहे?" हदासाबाईंनी नळीकडे बोट दाखवून इंग्रजीत विचारलं. नमस्कार-चमत्कार त्या विसरूनच गेल्या.

"ती आमची लकी ट्यूब," कॉलिन हसून म्हणाला. "तुमच्या भावाचीच आहे. म्हणजे प्रथा त्याची. काहीतरी भारतीय शकुन असावा, असं आम्ही समजतो."

"भारतीय?" हदासाबाईंचा आवाज चिरकला. "सांगा. सगळं सांगा. काही गाळू नका."

कॉलिनने त्यांच्यासमोर खुर्ची ओढली. पहिल्या फेरीआधीच एलीने स्टॅनकडून भंगार पत्र्याची नळी करून घेतली आणि विमानाच्या दारात उजवीकडे ठोकून घेतली. आत त्याने स्वतः लिहिलेला कागद घातला. "वडील म्हणायचे, तो उलटा लिहायचा. उजवीकडून डावीकडे. त्यांना त्यातलं अक्षरही कळलं नाही." विमानात चढताना एली बोटं लावून ओठांना टेकवायचा. मग वैमानिक लावू लागला, मग सातही जण. ते विमान परतत राहिलं, तेव्हा बाकीच्या विमानांतली पोरं स्टॅनच्या मागे लागली, आम्हालाही करून दे. हिवाळ्यापर्यंत निम्म्या स्क्वॉड्रनच्या दारांना नळ्या होत्या. कुणाच्यात प्रेयसीचा पत्ता, कुणाच्यात बिअरचं कूपन.

"पुढे?"

"वडिलांना एक गोष्ट मरेपर्यंत उमगली नाही," कॉलिन म्हणाला. "त्यांनी विचारलं होतं, एवढी खटपट कशाला करतोस? तर तुमचा भाऊ म्हणाला होता, 'गळ्यातल्या बिल्ल्यावर मी माझ्याबद्दल खोटं लिहून घेतलंय, स्टॅन. दारावर तरी खरं असू दे.'"

हदासाबाईंनी ऐकलं. दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि त्या रडल्या, मोठ्याने, लाजबीज न ठेवता. हॉलमधली माणसं कप हातात घेऊनच जवळ आली. अब्राहम खाली गुडघ्यावर बसला.

"गेला नव्हता रे तो," त्या मराठीत म्हणाल्या. "माझी आई वेड्यासारखी कुढत मेली आणि हा पोरगा इथे अख्ख्या पलटणीला मेझुझा शिकवत होता!"

अब्राहमने कॉलिनला नळीचा खरा अर्थ सांगितला. कॉलिनचा चेहरा पडला. "अरे देवा. आम्ही चेष्टा तर केली नाही ना तुमच्या धर्माची? ही नळी युद्धानंतर वडिलांनी इथे ठोकली. आत काय हवं ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी सातजणांची नावं लिहून घातली."

"राहू दे तीच," हदासाबाई डोळे पुसत म्हणाल्या. "चुकीचं आहे, पण काढायचं नाही."

जेवणाला कुणी हात लावला नाही. सगळेच त्यांच्याबरोबर चर्चच्या आवारात गेले. कोण कुठला ते ओळखण्याच्या पलीकडचे देह होते, म्हणून सातही दगड मध्ये फट न ठेवता, एकमेकांना चिकटून उभे केलेले. एलीच्या दगडावर क्रूस होता.

"हा क्रूस बदलून मिळेल, आई. आता विटनेस आहे आपल्याकडे. मी अप्लाय करतो."

"कर. पण दगड इथून हलवायचा नाही. शेजारी आहेत ते त्याचे." मग त्यांनी पदर डोक्यावर घेतला. "कद्दीश म्हण."

अब्राहमने फोनवर प्रार्थना काढली आणि तो घुटमळला. "आई, वी कान्ट. मिनियान नाही. दहा ज्यू लागतात, दहा पुरुष. इथे मी एकटा आहे."

हदासाबाईंनी व्हीलचेअर जराशी वळवायला लावली आणि थंड वाऱ्यात उभ्या असलेल्या माणसांवर एकेक बोट रोखत मोजलं. कॉलिन, ते फुटबॉलवाले दोघे, एक काठीवाला म्हातारा, त्याच्याबरोबरचा जावई... शेवटी ती जाडजूड बाईसुद्धा मोजली.

"ती बाई आहे, आई."

"मला दिसतंय. हे लोक ऐंशी वर्षं मेझुझाला हात लावून आत जातायत. माझ्या बाबांच्या मशिदीत इतकी नेमाची माणसं नव्हती. तुला धरून दहा झाले. वाच."

अब्राहमने वाचायला सुरुवात केली. इंग्रज मंडळींना त्यातला शब्दही कळत नव्हता. माना खाली घालून ती उभी होती. तो थांबला, हदासाबाई "आमेन" म्हणाल्या, आणि त्यांच्या मागून नऊ आवाज एकदम "आमेन" म्हणाले. तेवढा शब्द त्यांना येत होता.