साडेचारचा फोटो

झाडूमास्तर हे नाव त्याला इतर फोटोग्राफर मंडळींनीच ठेवलं होतं, आणि ते त्याला शोभतही होतं. डोंगर, कडे, खाड्या आणि समुद्र यांचे फोटो काढण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. फक्त त्या फोटोंत माणूस औषधालासुद्धा सापडायचा नाही. माणूस आला की चित्राचा विचका झाला, असं त्याचं ठाम मत. कोणी मध्ये आलंच तर तो भांडायचा नाही. घरी येऊन कॉम्प्युटरसमोर निवांत बसायचा, त्या माणसाच्या जागी वाळू, लाटा, जे लागेल ते भरायचा आणि मूळ फोटो कायमचा उडवून टाकायचा. कचरा कोणी कपाटात ठेवतं का, असं वर विचारायचा.

त्याच्या सगळ्यात नावाजलेल्या फोटोत खाडी होती, मागे सरळसोट कडा, आणि वाळूवर अर्धीच निळी रंगवलेली एक होडी. त्या फोटोला स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं. ‘या चित्रात काहीही घातलेलं किंवा काढलेलं नाही’ या ओळीखाली त्याने डोळे मिटून सही ठोकली होती. सन्मानपत्र दुकानात, त्याच्या खुर्चीच्या मागेच लावलेलं होतं. फोटोची मोठी प्रत दातांच्या डॉक्टरने विकत घेतली आणि दवाखान्यात टांगली, खालच्या तारीख-वेळेसकट.

तिथे ती एका चाळिशीच्या शिंपिणीने पाहिली. दुखरी दाढ तशीच घेऊन ती तडक त्याच्या दुकानात आली.

“साहेब, ती होडी माझे बाबा रंगवत होते. त्याच दिवशी. फोटोखाली साडेचारची वेळ आहे. मग बाबा कुठेत त्यात?”

तो काही बोलायच्या आत तिने सगळं सांगून टाकलं. बाबा होड्या रंगवायचे. आधी प्यायचे, पण आईला शब्द देऊन दोन वर्षं सोडली होती. त्या दिवशी पावणेपाचला ते घरी येण्याच्या चढावर, दारूच्या दुकानासमोर कोसळले आणि तिथेच गेले.

“तोंडाचा वास घ्यायला कोण वाकलं होतं? पण आईने ठरवून टाकलं, काम अर्धं टाकून हे दुपारपासून तिथेच बसले असणार, शब्द मोडला. नऊ वर्षं झाली, घरात त्यांचं नाव काढू देत नाही. आता तुम्हीच सांगा, साडेचारला माणूस ब्रश घेऊन खाडीवर असेल, तर पंधरा मिनिटांत तो चढ चढेल की पीत बसेल? मूळ फोटोत असतील ना ते?”

झाडूमास्तरला सगळं आठवत होतं. उन्हाचा रंग उतरायची वाट बघत तो अकरापासून खडकावर बसला होता. होडीवाला दिवसभर जुना रंग खरवडत होता. डबाही त्याने तिथेच खाल्ला होता. चारच्या सुमाराला त्याने निळ्याला हात घातला आणि लांबूनच ओरडून विचारलं, “बाजूला होऊ का?” झाडूमास्तरने मोठ्या मनाने सांगितलं, “असू द्या, चालू द्या तुमचं!” नंतर उडवायला दहा मिनिटं पुरणार होती, मनाचा मोठेपणा दाखवायला काय जातंय!

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण पाठीमागे सन्मानपत्र होतं आणि दुकानात दोन गिऱ्हाइकं कान टवकारून उभी होती.

“तिथे कोणी नव्हतं, बाई.”

“नक्की?”

“मी दिसतं तेच काढतो,” तो म्हणाला, आणि वर थोडा रागावलाही.

ती मान हलवून निघून गेली. दाराशी चप्पल नीट घालायलाही थांबली नाही.

त्यानंतर झाडूमास्तरला काही सुचेना. आधी वाटलं, विसरून जाऊ. विसरता आलं नाही. त्याने जुन्या डिस्क काढल्या, घर पालथं घातलं, पण स्वतःची शिस्त त्याला नडली. त्या माणसाचा एक ठिपकाही उरला नव्हता. एकदा फोटोतून आणि एकदा तोंडाने, असं आपण त्याला दोनदा पुसलं, हे त्याला उठता-बसता टोचू लागलं. तिसऱ्या आठवड्यात त्याने सन्मानपत्र उतरवलं, स्पर्धावाल्यांना खरं काय ते लिहून कळवलं आणि शिंपिणीचं दुकान शोधत गेला.

ती मशीनवर होती. शेजारी तिची म्हातारी आई कोटाला बटणं लावत होती. त्याने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, अकरापासून साडेचारपर्यंतचं. डबा, खरवडणं, ती हाक. मशीन थांबलं.

“तुमच्याकडून आले त्याच दिवशी मी आईला सांगितलं,” मुलगी हळूच म्हणाली. “म्हटलं, आई, तुझंच खरं होतं.”

आईने सुई खाली ठेवली. “तो फोटो दाखवता येईल, भाऊ?”

“नाही. मी उडवला. पण मी पाहिलंय त्यांना. डाव्या हाताने रंगवत होते.”

“ते डावखुरे होते हे गावाला माहितीये.” तिच्या आवाजात राग नव्हता. “ह्यांचे दोस्त असेच यायचे दारात, सांगायचे, वहिनी, दिवसभर डोळ्यांसमोर होता, थेंबाला शिवला नाही. आणि मागून हे यायचे, भिंत धरत.”

“मी खरं सांगतोय हो.”

“तेही हेच म्हणायचे.”

मुलगी त्याच्याकडे बघत होती. तिला पटलं होतं, ते त्याला दिसलं, आणि तिला पटून काहीच होणार नव्हतं हेही दिसलं.

आईने पुन्हा सुई उचलली. “तूच रडली असशील यांच्यापाशी, म्हणून आले बिचारे माझं मन राखायला. परक्यासाठी एवढं खोटं कोण बोलतं आजकाल? भला माणूस आहे. ऊठ, चहा टाक त्यांना.”