बरं वाटल्याचा चहा

पुढच्या पेशंटला हाक मारायला मोठ्या डॉक्टरांनी दार उघडलं आणि समोरच्या बाकावर त्यांना आपल्या जुन्या पेशंट, गणिताच्या बाई दिसल्या. बाक मोठ्या डॉक्टरांचा नव्हता. शेजारच्या खोलीचा, धाकट्या डॉक्टरीणबाईंचा होता. बाईंनीही त्यांना पाहिलं आणि घाईघाईनं पर्समध्ये काहीतरी शोधायला घेतलं.

डॉक्टर कुणाला बोलवायला आले होते तेच विसरले.

"या, ज्याचा नंबर असेल तो," म्हणाले आणि आत गेले.

धाकटी त्यांचीच विद्यार्थिनी. मनोविकारांच्या या दवाखान्यात तिला आणलं त्यांनीच, सामानाची खोली रिकामी करून दिली त्यांनीच, खिडकीच्या पडद्याचा रंगसुद्धा त्यांनीच पसंत केला. तेव्हा तिच्या बाकावर माशा बसायच्या. आता माणसं बसत होती, आणि त्यातली काही डॉक्टरांची होती. आधी विमा एजंट गेला, मग जुळ्यांची आई गेली. पोरगी थोडा भार उचलते, बरंच आहे, अशी डॉक्टरांनी स्वतःची समजूत घातली होती. घरी मात्र त्यांची कुरकुर ऐकून बायको हसली होती.

"अहो, झाड तुम्हीच लावलंत ना? मग त्याला फळं धरली तर तुमच्या पोटात का दुखतंय?"

दुखत होतं खरं. ते डॉक्टरांना कळत होतं आणि त्याचीच त्यांना जास्त चीड येत होती. दुसऱ्यांच्या मनातला मत्सर त्यांनी आयुष्यभर हळुवारपणे उलगडून दाखवला होता. स्वतःचा मात्र दातात अडकलेल्या सालीसारखा जिभेला लागत राहायचा.

पण गणिताच्या बाई म्हणजे हद्द झाली. दवाखान्यात डॉक्टरांची एक रीत होती. पेशंट "बरं वाटतंय" म्हणाला की ते टेबलावरची घंटी दाबत, मावशी दोन कप चहा आणत आणि डॉक्टर पेशंटबरोबर चहा घेत. बाहेर बाकावरची मंडळी निकाल विचारावा तसं एकमेकांना विचारत, "काय, चहा झाला का?" बाईंचा चहा वर्षानुवर्षं चुकला नव्हता. पहिल्यांदा आणलं तेव्हा भावाला त्यांना धरून चालवावं लागलं होतं. पुढे त्या पुन्हा वर्गात उभ्या राहून भूमिती शिकवू लागल्या. दरवर्षी डॉक्टर त्यांना शिकाऊ डॉक्टरांपुढे बोलायला बसवत. "हा आमचा हिरा," म्हणत. आणि तो हिरा आज दुसऱ्याच्या अंगठीत जाऊन बसला होता.

दुपारी धाकटीच्या खोलीतून बाई बाहेर पडताना त्यांनी पाहिल्या. त्या जिना उतरेपर्यंत डॉक्टर कसेबसे थांबले आणि दार न ठोठावता आत शिरले.

"बाई तुझ्याकडे का आल्या?"

धाकटी उठून उभी राहिली. "बसा ना, सर."

"बसायला नाही आलो. काय सांगितलंस त्यांना? माझी औषधं जुनी झाली म्हणून?"

"सर!"

"मग काय बोलल्या त्या?"

तिनं टेबलावरची वही मिटली. मग अगदी हळू म्हणाली, "ते मी नाही सांगू शकत. पेशंटचं बोलणं खोलीच्या बाहेर जाऊ द्यायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत. विचारायचं तर त्यांनाच विचारा. पण रागावून नको, सर."

गुरूची विद्या गुरूला मिळाली होती. डॉक्टर वळले आणि जिना उतरून खाली आले.

बाई औषधांच्या खिडकीपाशी रांगेत होत्या. डॉक्टरांना पाहताच त्यांनी सवयीनं चेहरा हसरा केला. हे हसू डॉक्टरांच्या चांगलंच ओळखीचं होतं, पण ते असं ओढून बसवताना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्यांचा आवाज आपोआप खाली आला.

"बाई, माझं काही चुकलं का?"

"छे हो, डॉक्टर. तुमचे उपकार आहेत माझ्यावर."

"मग?"

बाईंनी रांगेतल्या मागच्या माणसाला पुढे जाऊ दिलं. भिंतीजवळ सरकून त्या थोडा वेळ हातातली चिठ्ठी दुमडत राहिल्या.

"तुमच्याकडे आलं की मला बरं असावं लागतं," त्या म्हणाल्या.

डॉक्टर रांगेकडे पाठ करून उभे राहिले.

"तुम्ही इतके खूश होता ना. घंटी वाजवता, मावशी कौतुकानं बघतात. तुमचं तोंड उतरेल म्हणून मला दुसरं काही बोलवेना. गेल्या खेपेला त्या पोरांसमोर बोलले, आठवतंय? त्या दिवशी सकाळी मी पुलावर जाऊन आले होते. बराच वेळ उभी होते. मग म्हटलं, डॉक्टरांना शब्द दिलाय, जायला हवं. म्हणून आले."

त्या दिवशी सगळ्यात आधी टाळ्या कुणी वाजवल्या, हे डॉक्टरांना आठवलं.

"आणि तिच्याकडे?" त्यांनी विचारलं. विचारताना पोटात पुन्हा तेच दुखलं, पण थोडं निराळं.

"तिच्याकडे रडले. ती हसली नाही की घाबरली नाही. 'पुढे?' एवढंच म्हणाली." बाईंनी त्यांच्या हाताला हलकेच स्पर्श केला. "रागावू नका हं."

"नाही. तुम्ही तिच्याकडेच जा," डॉक्टर म्हणाले. हे म्हणायला त्यांना फार कष्ट पडले.

ते वर आले. धाकटीचं दार उघडंच होतं. ती त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी नुसती मान हलवली आणि स्वतःच्या खोलीत गेले. तिला शाब्बास म्हणण्याइतकं मन अजून मोठं झालं नव्हतं.

पुढचा पेशंट निवृत्त फौजदार. त्यांचा आवाज नेहमीप्रमाणे त्यांच्याआधी आत आला. "नमस्कार डॉक्टर!" मिशीला ताव देत, छाती काढून ते खुर्चीत बसले आणि 'बरं वाटतंय' हे ठरलेलं वाक्य बोलायला त्यांनी तोंड उघडलं.

डॉक्टरांनी घंटी दाबली.

"मावशी, दोन चहा."

फौजदारांचं तोंड उघडंच राहिलं. त्यांनी घंटीकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे.

"अहो, पण मी अजून काही सांगितलंच नाही."

"म्हणूनच," डॉक्टर म्हणाले. "चहा येतोय. तुम्ही काहीही सांगितलंत तरी येणार आहे."

फौजदार ओशाळं हसले. ते हसू थोडा वेळ चेहऱ्यावर राहिलं, मग विरून गेलं. त्यांनी मिशीवरचा हात खाली घेतला. बाहेर मावशींच्या कपबश्या वाजत होत्या.

"पुढे?" डॉक्टरांनी विचारलं. शब्द उसना होता आणि कुणाचा, ते त्यांना ठाऊक होतं.

फौजदारांनी मागे वळून दाराकडे पाहिलं.

"चहा आला की," ते म्हणाले, "दार लावून घेऊ का, डॉक्टर?"