जिन्याखालचा कूलर

मी एक जुना पत्र्याचा कूलर आहे. हसू नका मित्रांनो! जालन्याच्या मे महिन्यात माझ्यासमोर बसायला सख्ख्या भावाभावांची भांडणं होतात. बाकीचे आठ महिने मात्र गरज सरो, वैद्य मरो. मला जिन्याखाली ढकलून देतात.

माझा जन्म बदरोद्दीनचाचांच्या दुकानातला. त्यांनी पत्रा कापला, वाकवला, ठोकला आणि माझ्या पोटात पंखा बसवला. देवानंद आणि शालू यांचं तेव्हा नुकतंच लग्न झालं होतं. दोघांनी मला हातगाड्यावर घालून मस्तगड भागातल्या घरी आणलं. शालू माझ्यात पाणी भरायची, वाळा भिजवायची आणि म्हणायची, "चल बाबा, कर सुरू तुझी कुरकुर." मी कुरकुरतो हे खरंच आहे. पण तिच्या तोंडून ऐकलं की मला बरं वाटायचं. पुढे जान्हवी झाली आणि माझ्याच वाऱ्यात झोपून मोठी झाली.

गेल्या भाऊबीजेला मायलेकी घनसावंगीला, शालूच्या माहेरी गेल्या. परत येताना त्यांची जीप पुलावरून खाली गेली. जान्हवी वाचली. शालू घरी आलीच नाही.

मग देवानंदची थोरली बहीण दुर्गाबाई धावड्याहून राहायला आली. बाई मायेची, पण धाकाची. तिने बजावलं, "पोरीपुढं त्या दिसाचं नाव काढायचं न्हाई." देवानंदही मूग गिळून बसला. पोरीच्या भल्यासाठीच होतं सगळं, पण त्या भल्यापायी शालूचं नावही कुणी घेईना. मला तिची फार आठवण यायची. कुणीतरी तिच्याविषयी दोन शब्द बोलावेत म्हणून मी कान देऊन असायचो.

एका दुपारी जान्हवी जिन्याखाली येऊन बसली. फाटकाला आणि खिडक्यांना लावलेल्या रंगांचे उरलेले डबे तिथेच होते. तिने एक झाकण उचकटलं आणि माझ्या समोरच्या पत्र्यावर काळा फराटा ओढला. दुसऱ्या दिवशी त्याचा पूल झाला. मग जीप आली, जीपमध्ये डोळे मिटलेली ती स्वतः आली. शाळा सुटली की ती रोज यायची. घरात एक शब्द न बोलणारी पोर माझ्यासमोर भराभर हात चालवायची. आईचा चेहरा तिने काढला, हात काढले. साडीची जागा मात्र कोरीच राहिली.

एकदा आतून दुर्गाबाईचा आवाज आला, "आईच्या साड्या कशाला उपसून राह्यली गं?" थोड्या वेळाने जान्हवी आली आणि मला टेकून बसली. "ती यात न्हाईच," असं माझ्याजवळ पुटपुटली.

होळी झाली. होळीनंतर देवानंद माझा गंज घासतो आणि मला चंदेरी रंग देतो. यंदाही तो पॉलिश पेपर घेऊन वाकला आणि चित्र पाहून तसाच थिजला.

दुर्गाबाई मागून म्हणाली, "पुसून टाक देवा. पोरीला सारखं तेच आठवंल."

त्याने पेपर माझ्या कडेला टेकवला. मित्रांनो, गंज निघायचा म्हणजे मला एरवी आनंदच होतो, पण तेव्हा मी मनातून नको नको म्हणत होतो. तेवढ्यात जान्हवी शाळेतून आली. दप्तर टाकून ती मध्येच उभी राहिली.

"पप्पा, नका ना! अजून व्हायचंय ते."

"काय व्हायचंय?"

"आईची साडी. मला रंगच आठवून न्हाई राह्यला. कपाटातल्या सगळ्या पाहिल्या. कुणाला विचारू मी?"

देवानंद पेपर बाजूला ठेवून तिच्याजवळ खाली बसला.

"त्यात नसंल, बाळा. ती नवी होती. मामानं ओवाळणीत घातल्ती. निघताना तुझ्या आईनं मला व्हिडिओ कॉलवर दाखवल्ती." त्याने चित्रातल्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. "डाळिंबी."

मग त्यानेच लाल रंग काढला आणि त्यात थोडा काळा कालवला.

"इतकी काळपट न्हवती, पप्पा."

"मंग आजून लाल घे."

"आई हसून राह्यली होती का?"

"लई. म्हणली, मामीनं धपाटे दिलेत, मी येईस्तोवर जेवू नका." त्याने लाल डबा तिच्याकडे सरकवला. "मी जेवलो न्हवतो, जानू."

दोघंही रडत होते आणि रंग कालवत होते. दुर्गाबाई दारात उभी होती. आता ही ओरडणार, असं मला वाटलं. पण ती डोळे पुसत माझ्यापाशी वाकली आणि म्हणाली, "पदर डोक्यावरून घे की गं तिचा. जीपमधी वारं लागत आसंल."

यंदा माझ्या तीन बाजू चंदेरी आहेत आणि समोरची तशीच आहे. पाणी आता जान्हवी भरते. शालू येणार नाही हे मलाही कळतं, तरी बादलीचा आवाज आला की मी तिची वाट पाहतो. वरच्या पत्र्यावर जान्हवीने आता मामाच्या अंगणाचं चित्र काढायला घेतलंय, आणि त्यात आई ओवाळते आहे.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी भिंतीवर, कागदावर, पत्र्यावर आपलं दुःख काढत असेल, तर ते पुसायला धावू नका. त्याच्याजवळ बसा आणि काय काढायचं राहिलंय, एवढं विचारा.