अठ्ठावन्नाव्या पानावरची बारीक अक्षरं

दुपारचे चार वाजून दहा मिनिटं झाली होती. साल एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर, आषाढातला मंगळवार. वेळ इतकी नेमकी ठाऊक, कारण ग्रामपंचायतीच्या खोलीत माझ्या कपाटासमोरच भिंतीवर घड्याळ होतं, आणि सात वर्षं त्याच्याकडे पाहण्यावाचून मला दुसरं काम नव्हतं. त्या वेळी कपाटाचं दार करकरलं आणि एका बाईच्या ओल्या हातानं मला बाहेर ओढलं.

मी एक पुस्तक बोलतोय. नागपूरच्या छापखान्यात जन्मलो आणि कोंढ्यापासून दोन कोसांवरच्या या गावात येऊन पडलो. माझ्यात तीनशे वर्षांपूर्वीचे, समुद्रापलीकडचे विद्वान राहतात. त्यांतला एक म्हणतो, जग म्हणजे एक मोठं घड्याळ. जनावर ओरडतं ते चाक करकरावं तसं. आत दुखणारं कोणी नसतं. दुसरा चष्म्यांची भिंगं घासून पोट भरायचा. तो म्हणतो, देव आणि निसर्ग ही एकाचीच दोन नावं, आणि माणूस त्यातलाच एक, वरचा मालक नव्हे. दोघांचं भांडण माझ्या पोटात चालूच असतं. पण मिटलेल्या पुस्तकातलं भांडण ऐकतो कोण? माझी काही पानं तर अजून एकमेकांना चिकटलेलीच होती. कोणी कापलीच नव्हती.

"गुर्जी, हे शरीराचं पुस्तक हाय न?" बाईनं विचारलं. माझ्या पाठीवर 'मन आणि शरीर' एवढीच अक्षरं उरली होती. बाकीचं नाव कसरीनं खाल्लं होतं.

वाचनालय सांभाळणारे श्रावण गुरुजी हसले. "अर्धं शरीराचंच हाय, रुखमे. पण याच्यात गोळी-काढा भेटनार नाही बापा. डोकं दुखन तुझं."

"दुखू द्या. माझं दुखते त परवडते."

ती रुखमिणी. सातवी शिकलेली. नवरा तुमसरकडच्या मँगनीजच्या खाणीवर, महिन्यातून एकदा घरी येणारा. घरात सासू सुंदरबाई आणि भासरा टिकाराम. भासरा म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. त्याच्यापुढे सुनेनं तोंड उघडायचं नाही, त्याच्या अंगाजवळून जायचं नाही, आणि त्यानंही तिच्या. बोलायचं ते सासूच्या मार्फत. उरली तिची अडीच वर्षांची लेक छबी. तिला ताप चढला की झटके यायचे. रुखमिणीचा हात सारखा पोरीच्या कपाळावर. गरम आहे का, गरम आहे का, दिवसातून शंभरदा. आंधळगावच्या एका जाणत्यानं दिलेलं तांब्याचं यंत्र छबीच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात होतं.

दुपारी पोर झोपली की रुखमिणी मला उघडायची. विळ्याच्या टोकानं तिनं माझी चिकटलेली पानं कापली. अक्षराखाली बोट ठेवून, पुटपुटत वाचायची. अवघड शब्द आला की ओलांडून जायची, डबकं ओलांडावं तशी. माझा सात वर्षांचा एकटेपणा त्या बोटाखाली निघून जात होता. एकेचाळिसाव्या पानावर ते बोट थांबलं.

"प्राणी म्हणजे केवळ यंत्र होय."

तिनं ते तीनदा वाचलं. मग छबीच्या गळ्यातल्या तांब्याकडे पाहिलं. "छबे," ती झोपलेल्या पोरीला हळूच म्हणाली, "आयकलं का? जनावर बी यंत्रच असते म्हन्ते. जीव राखनारं."

मला सांगायचं होतं, बाई, उलटं वाचलंस. पण मला पहिल्यांदाच कोणीतरी वाचत होतं. आणि खरं सांगू? तिची चूक मला माझ्या वाक्यापेक्षा बरी वाटली.

श्रावणात रोवणा, म्हणजे धानाची लावणी, आटोपला आणि टिकाराम धानाच्या बांधीवरून रागानं तापून घरी आला. "माय, आपल्या बांधीत सारसाच्या जोड्यानं खोपा केला. खळ्याएवढं धान उपटून टाकलं! दोन अंडे हायत. उद्या फोडतो."

आतून रुखमिणी म्हणाली, "आत्याबाई, भासऱ्याईले सांगा, अंडे फोडू नोका. जनावर यंत्र असते. पुस्तकात छापून हाय."

"काय असते?"

"यंत्र. छबीच्या गयात हाय तसं. देवानं आपल्या बांधीत ठेवलं, थे फोडाचं का?"

सासू पाच हातांवर बसलेल्या लेकाला ओरडून सांगू लागली, "टिक्या, थे म्हन्ते का..."

"आयकलं मी माय! मी का बहिरा हाव? बलाव गुर्जीले. छापून असन त मी काठीबी उचलनार नाही."

गुरुजी आले. रुखमिणीनं पान काढून दिलं आणि दाराआड उभी राहिली, पोर कडेवर घेऊन. त्यांचं बोट ओळीवर फिरलं, थांबलं. मी मनात म्हटलं, गुरुजी, एकदाच खोटं वाचा. पण त्यांना खोटं वाचता येत नव्हतं.

"हे थे यंत्र नाही, रुखमे. मशीनवालं यंत्र. धानाच्या गिरनीसारखं. हा मानूस म्हन्ते, जनावराले दुखतच नाही."

टिकारामनं मांडीवर थाप मारली. "पाय माय, छापून हाय! मंग मले कायले अडवून राहिली?"

रुखमिणीनं पदर पुढे ओढला. लग्नानंतर पहिल्यांदाच ती सासूला मधे न घेता भासऱ्याच्या देखत बोलली.

"मंग त्या मान्साच्या घरी लेकरू नसन."

मी आतल्या आत ओरडत होतो: गुरुजी, अठ्ठावन्नावं पान! अगदी खाली, बारीक अक्षरं! पण त्यांनी मला मिटून पाटावर ठेवलं.

सकाळी टिकाराम काठी घेऊन बांधीवर गेला. रुखमिणी त्याच्या आधीच धुऱ्यावर, बांधीच्या कडेच्या अरुंद बांधावर, जाऊन बसली होती. मांडीवर छबी, हातात मी. तो थबकला. तंबाखू मळली, खाल्ली, थुंकला, परत गेला. संध्याकाळी आईपुढे कुरकुरला, "माय, धुरा हातभर रुंद. त्याच्या मधात सूनबाई. भासऱ्यानं तिले ओलांडून जाव का? चिखलातून जाव त माझाच रोवना तुडवते. थिकडं सारसीन उठत नाही, इकडं हे उठत नाही!"

सासू पदरात तोंड घालून हसली. आठ दिवस रुखमिणी तशीच जाऊन बसली. नवव्या दिवशी टिकारामनं काठी कुडाला टेकवली, ती टेकवलीच.

त्या आठ दिवसांत तिनं मला पंख्यासारखं हलवून छबीला वारा घातला, आणि भिंगं घासणाऱ्या माणसापर्यंत वाचत आली. पानांखालची बारीक अक्षरं तिनं ओलांडली, वरचंही थोडंच समजलं. पण म्हणाली, "हा मानूस बरा हाय. याच्या घरी असन लेकरू."

अंड्यातून एक पिल्लू निघालं. दुसरं निघालं नाही. रुखमिणी त्या दिवशी खूप वेळ नुसती धुऱ्यावर उभी होती.

भादव्यात छबीला ताप चढला. पवनीच्या दवाखान्यात न्यायची घाई. जाता जाता रुखमिणीनं मला गुरुजींच्या ओट्यावर ठेवलं. पानावर तिच्या बोटाचा घाम होता, तो वाळला, आणि गुरुजींनी मला परत कपाटात ठेवलं. पुढे कानावर आलं, नवरा तिला खाणीवर घेऊन गेला. सोबत छबी होती की नव्हती, हे कोणी बोललं नाही. मला विचारता आलं नाही.

आता शहाऐंशी साल आहे. गुरुजींची बदली झाली. घड्याळाला चावी देणारं कोणी नाही. ते बंद पडलं, पण त्यानं कधी कोणाची वाट पाहिली नव्हती. मी पाहतो. बांध्यांत फवारणीचं औषध आलं. खिडकीतून त्याचा वास येतो, बेडकांचा आवाज येत नाही, आणि सारसाची हाक दोन पावसाळे ऐकली नाही. यंत्र म्हटलं की मोडायची भीती राहत नाही, एवढं मला कळलं.

उधई, म्हणजे वाळवी, मला खात वर चढते आहे. एकेचाळिसावं पान गेलं. त्याचं दुःख नाही. आज ती बावन्नाव्या पानावर आहे.

म्हणून, आज कोणत्याही कामानं तुम्ही हे कपाट उघडलं असेल, तर अठ्ठावन्नावं पान लगेच वाचून घ्या. खाली बारीक अक्षरांत लिहिलंय की जनावराला यंत्र म्हणणाऱ्या त्या माणसाला एक मुलगी होती. पाच वर्षांची असताना तापानं गेली, आणि ते दुःख त्याला फार लागलं. आणि भिंगं घासणारा? त्याच्या घरी लेकरू नव्हतंच. माझी एकुलती एक वाचणारी दोन्हीकडे चुकली. तरी धुऱ्यावर बसली ते बरोबरच बसली.

तुमसरच्या रस्त्यानं खाणींकडे जाणं झालं तर रुखमिणीला शोधा. आधी छबी कशी आहे ते विचारा. मग सांगा, बाई, त्या मान्साच्या घरी बी लेकरू होतं. तुमचं जाणं होत नसेल, तर जाणाऱ्याला सांगा, आणि त्यानं पुढच्याला सांगावं. मधे फक्त सहा पानं उरली आहेत.