उमेदवार क्रमांक चौदा

रिमोट या शब्दाने मला जेवढं छळलंय तेवढं माझ्या सख्ख्या आत्यानेही छळलेलं नाही. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत रिमोट, म्हणजे घरून काम, आणि खाली बारीक अक्षरांत: आठवड्यातले तीन दिवस ऑफिसात. अरे, मग ते रिमोट कसलं? दुसरी जाहिरात रिमोट, पण उमेदवार त्यांच्याच देशात राहणारा हवा. तिसरी रिमोट, पण ऑफिसचं रंगकाम होईपर्यंतच. चौथीत दोन परीक्षा झाल्यावर एकटीने कॅमेऱ्यासमोर बसून यंत्राच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. समोर माणूसच नाही. स्वतःचं तोंड बघत स्वतःची तारीफ करायची. मला थोडीफार लाज आहे, म्हणून तिथे मी आपटले.

बारा दिवस उरले होते. कंपनीने फर्मान काढलं होतं, एक तारखेपासून प्रत्येकाने मुख्य ऑफिसात हजर व्हायचं, नाहीतर राजीनामा द्यायचा. मुख्य ऑफिस इथून चौदा तासांच्या प्रवासावर. तीन वर्षं घरून काम केलं, एकदाही सर्व्हर पडू दिला नाही, आणि आता यांना माझं मुखकमल प्रत्यक्ष बघायचंय! घरूनच काम करू द्या म्हणून मी रीतसर अर्ज केला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'घरगुती'. दोन ओळींत नकार आला.

घरगुती म्हणजे बाबा. आई जाऊन बरीच वर्षं झाली. बाबा टेलर, चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले, पण मापात चूक काढायची कुणाची टाप नव्हती. आठ महिन्यांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. गेलं म्हणजे आवाज आहे, पण शब्द पिळवटून बाहेर पडतात. डोकं मात्र लख्ख आहे. दुसऱ्याचं सगळं त्यांना कळतं, त्यांचं कुणालाच कळत नाही. मला सोडून. कसं ते विचारू नका. आठ महिने कान लावून बसले, तेव्हा हळूहळू उलगडत गेलं.

मध्ये पंधरा दिवस दादाने त्यांना आपल्या घरी नेलं होतं. बाबा म्हणायचे खिडकी उघड, दादा पांघरूण आणायचा. बाबा चिडले की दादा डॉक्टरला फोन लावायचा. परत आले ते निम्मे होऊन, आणि आल्या आल्या दारातच बोलत सुटले. पंधरा दिवसांचं साठलेलं. मी हातातलं ओलं फडकं तसंच धरून अर्धा तास ऐकत उभी होते. आता त्यांना बरोबर न्यायचं म्हटलं तरी मी दहा तास ऑफिसात, मग परक्या खोलीत ते बोलणार कुणाशी? भिंतीशी? मी कामाला गेले की या माणसाचं बोलणंच बंद पडणार होतं. एवढं त्या रकान्यात मावत नव्हतं, आणि मावलं असतं तरी मी लिहिलं नसतं. दुखणं पुढे करून सवलत मागायची, हे आमच्या घरात बसत नाही. बाबांनाही मी फर्मानाबद्दल एक अक्षर सांगितलं नव्हतं.

माझा लॅपटॉप बाबांच्या शिलाई मशीनवर असतो. मशीन आत दुमडलं की झकास टेबल होतं. अर्ज भरता भरता माझे पाय आपोआप पायडल मारायला लागायचे. पट्टा काढलेला, त्यामुळे नुसतीच खडखड. नाव, शिक्षण, अनुभव, खडखड. तेच नाव, तेच शिक्षण, पुन्हा खडखड. आतल्या खोलीतून बाबा ओरडायचे, "काय शिवतेस एवढं?" मी म्हणायचे, "ऑफिसचं काम आहे हो!"

चौथ्या दिवशी माझं टाळकं सटकलं. आमच्या प्रोग्रामर जातकुळीची एक खोड आहे: एकच काम तीनदा हाताने करावं लागलं की चौथ्यांदा ते करणारा प्रोग्राम लिहायचा, मग त्या प्रोग्रामला कामाच्या दसपट वेळ का लागेना. मीही लिहिला. त्याने सगळ्या साइट धुंडाळायच्या, प्रत्येक जाहिरात माझ्या अनुभवाशी ताडून बघायची, जुळली की अर्ज ठोकून द्यायचा. सध्याच्या कंपनीला सुगावा लागू नये म्हणून मी तिचं नाव काढून नुसतं 'नामांकित कंपनी' लिहिलं. प्रोग्राम सुरू केला आणि मी नुसती येरझारा घालत सुटले. ओट्यापासून दारापर्यंत, दारापासून ओट्यापर्यंत. दर दोन मिनिटांनी वाकून पडदा बघायचा. चहा ठेवला तो उतू गेला, दुसरा ठेवला तोही गेला. दुपारी तीनपर्यंत एकशे चाळीस अर्ज गेले होते आणि त्यातल्या एकापुढे हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं: शंभर टक्के जुळणी.

शंभर टक्के! मी टाळी वाजवली. जाहिरात एका एजन्सीमार्फत होती, कंपनीचं नाव गुलदस्त्यात. संपूर्ण रिमोट, कंत्राटी, ताबडतोब रुजू. दुसऱ्याच दिवशी एजन्सीवाल्या मुलीचा फोन आला. "मॅडम, तुम्ही उमेदवार क्रमांक चौदा. आम्ही कंपनीला उमेदवारांची नावं कळवत नाही, नाहीतर परस्पर सौदा होतो ना! उद्या अकराला मुलाखत." एवढं शंभर टक्के जुळणारं काम जगात आहे तरी कुणाकडे, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. जाहिरात मी वाचलीच नव्हती, प्रोग्रामने वाचली होती.

सकाळी मी आमच्या मॅनेजरला कळवलं की दाढ दुखतेय, दोन तास नसेन. या मॅनेजरचं नाव आम्ही म्यूटराव ठेवलंय, कारण माइक बंद ठेवून पहिली पाच वाक्यं बोलल्याशिवाय त्यांची एकही मीटिंग सुरू होत नाही. केस विंचरून, इस्त्रीचा कुडता घालून मी मशीनपुढे बसले. अकराला पडदा उजळला. समोर एक गृहस्थ तावातावाने ओठ हलवत होते आणि आवाज नव्हता.

ते बोलता बोलता थांबले. बारीक डोळे करून पडद्याजवळ आले. मग माइक सुरू झाला.

"दाढ कशी आहे?" म्यूटराव म्हणाले.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण ते क्षणभरच. मग जे टाळक्यात गेलं ते गेलंच. "सर, ही माझीच जागा आहे! माझंच काम, शब्द न शब्द माझं! मला नाही म्हणता आणि दुसऱ्याला रिमोट देता?"

"कंत्राटी लोकांना तो नियम लागत नाही," ते शर्टाच्या कॉलरशी चाळा करत म्हणाले. "तू येणार नाहीस असं वाटलं. काम तर चालू राहायला हवं ना."

"वा! म्हणजे मी राजीनामा द्यायचा आणि मग माझ्याच जागेवर नवीन म्हणून अर्ज करायचा?"

"अगं, तू लिहिलंस काय? घरगुती. बेचाळीस जणांनी घरगुती लिहिलंय. कुणाचं मांजर आहे, कुणाला ट्रॅफिकचा कंटाळा आहे. मला काय स्वप्न पडणार?"

"एक तारखेला आले नाही तर खरंच काढणार मला?" माझा आवाज चढला होता. तो आतपर्यंत गेला असणार, कारण मागे भिंतीला धरून सरकत येणारी पावलं ऐकू आली. बाबा माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"हे माझे वडील," मी म्हणाले. दुसरं सुचलंच नाही.

बाबांनी डावा हात माझ्या खांद्यावर टेकला आणि थेट पडद्याकडे बघून बोलायला लागले. म्यूटरावांना काय ऐकू आलं असेल ते मला ठाऊक आहे, नुसती घरघर आणि तुटके आवाज. मला एकेक शब्द कळत होता. बाबा म्हणत होते, "साहेब, मला हिने काही सांगितलं नाही. एक तारखेला ही हजर होईल, माझी जबाबदारी. माझं दुखणं दाखवून तिला काही देऊ नका. आम्ही कुणापुढे हात पसरलेला नाही."

म्यूटराव पडद्याजवळ सरकले. त्यांचा चेहराच उतरला. "काय म्हणतायत काका?" त्यांनी हळूच विचारलं.

मला उत्तर द्यायला एक क्षण लागला. एकच. खोटं बोलायचं असं मी ठरवलं नव्हतं. देवाशपथ नव्हतं ठरवलं.

"म्हणतायत," मी म्हणाले, "हात जोडतो साहेब, पोरीला माझ्यापासून तोडू नका. तुमचे उपकार विसरणार नाही."

खांद्यावरचा हात निघाला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग ते पुन्हा बोलायला लागले, जोरजोरात, डावा हात नाही नाही असा हलवत, ओठांच्या कडेने लाळ गळायला लागली तरी थांबेनात. "खोटं बोलतेय ही! मी असं म्हटलेलं नाही! मी जन्मात कुणाला हात जोडले नाहीत!"

"आता काय म्हणतायत?" म्यूटराव घाबरले होते.

"आभार मानतायत," मी म्हणाले.

"काका, शांत व्हा," म्यूटराव म्हणाले. त्यांचे डोळे खरंच भरले होते. "काही काळजी करू नका. तुमची मुलगी कुठेही जाणार नाही. मी स्वतः वर बोलतो." बाबा बोलायचे थांबले. आपण कितीही ओरडलो तरी समोरच्यापर्यंत माझेच शब्द पोचणार, हे त्यांच्या ध्यानात आलं असावं. ते वळले आणि भिंत धरत आत गेले.

दुपारी परवानगीचं पत्र आलं. कायमस्वरूपी, घरून, आहे त्याच पदावर. मी नाचत आत गेले, म्हणजे नाचत जाणार होते. बाबा कॉटवर बसून होते. "बाबा, झालं. मी कुठेही जात नाही," मी म्हटलं. त्यांनी ऐकलं. मी म्हटलं, "चिडा ना माझ्यावर. चार शिव्या हासडा. मला कळतात हो, सगळ्या कळतात." त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले. मी पायाशी बसले, माफी मागितली, रडले, मग चिडून ताटल्या आपटल्या. काही उपयोग झाला नाही.

आज पाचवा दिवस. मी पलीकडच्या खोलीत काम करते, मीटिंगमध्ये बोलते, आणि एक कान सतत आत लावून ठेवते. आतून काही येत नाही. पाणी हवं असलं की ते बाटलीकडे बोट दाखवतात, एखाद्या परक्या नर्सला दाखवावं तसं. काल दादाचा फोन आला. नोकरी टिकली म्हणून खूश झाला. म्हणाला, "तू आहेस म्हणून निभावतंय गं. बरं, बाबा काय म्हणतायत?"

"काही नाही," मी म्हटलं.